सुटलेल्यांचा रकाना

नातीचा नववा वाढदिवस झाला. केक, फुगे आणि मैत्रिणींचा कल्ला संध्याकाळी. सकाळचं औक्षण मात्र माझ्याकडे असतं. पाटाभोवती रांगोळी, तबकात निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी, अक्षता, आणि वाटीत तीळ-गूळ घातलेलं कोमट दूध. माझी आई वाढदिवसाला चिरंजीवांची नावं घेऊन हे दूध प्यायला द्यायची, म्हणून मीही देते. नातीला ते अजिबात आवडत नाही. दातात तीळ अडकतात म्हणून ती आधीपासूनच तोंड वाकडं करून बसली होती. मी अंगठी-सुपारी ओवाळली, डोक्यावर अक्षता टाकल्या आणि नेहमीच्या चालीत सुरू केलं, ‘अश्वत्थामा बलिर्व्यासो हनूमांश्च विभीषणः…’ तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं. तबक हललं, निरांजनाची वात तुपात बुडता बुडता राहिली. “थांब आजी. अश्वत्थामा म्हणजे तोच ना, झोपलेल्या मुलांना मारणारा?” मी म्हटलं, हो, तोच. “मग त्याचं नाव माझ्या वाढदिवसाला कशाला?”

मुलगा हसला. सून म्हणाली, “आई, पुढचं म्हणा ना, हिची व्हॅन येईल.” ‘कृपः परशुरामश्च सप्तैते चिरजीविनः’ मी एका दमात संपवलं. नातीनं नाक दाबून दूध घशाखाली घातलं, सगळ्यांच्या पाया पडली आणि दप्तर घेऊन पळाली. तबक देव्हाऱ्यापुढे ठेवताना माझ्या लक्षात आलं, हा श्लोक मी साठेक वर्षं म्हणत आले आहे. धाकट्या भावंडांसाठी, मुलासाठी, भाचवंडांसाठी. आणि त्यातला पहिला शब्द मी कधी ऐकलेलाच नव्हता. ‘अश्वत्थामाबलिर्व्यासो’ हा माझ्या लेखी एकच सलग शब्द होता. एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या बाईला हे शोभत नाही, पण आहे हे असं आहे.

दुपारी ती शाळेतून आली तेव्हा मी उत्तर तयार ठेवलं होतं. म्हटलं, वाढदिवसाला आपण आयुष्य मागतो, म्हणून जे मरत नाहीत त्यांची नावं घ्यायची. ते चांगले होते की वाईट, हे तिथे बघत नाहीत. उत्तर ऐकून तिचा चेहरा आणखीच लांबला. “म्हणजे तो मेलाच नाही? म्हणजे सुटला?” मग मला शाप सांगावा लागला. कपाळावरचा मणी काढून घेतला, अंगाला रक्तापुवाचा वास, कुणी बोलणार नाही, कुणी जवळ करणार नाही, तीन हजार वर्षं एकटं भटकायचं. तिनं पोळीचा तुकडा तोंडाशी धरून सगळं ऐकलं आणि न्यायाधीशासारखी म्हणाली, “मग अर्धा.”

अर्धा म्हणजे काय, ते मला संध्याकाळी कळलं. तिच्याकडे गणिताची एक जुनी चौकटीची वही आहे. तिच्या मागच्या पानांवर पट्टीनं आखलेले तीन रकाने: ‘नाही सुटले’, ‘अर्धे’, ‘सुटले’. तिला कळायला लागल्यापासून ऐकलेल्या, वाचलेल्या आणि पाहिलेल्या गोष्टींतले सगळे दुष्ट तिथे भरती केलेले. ‘नाही सुटले’ला चांगली गर्दी आहे. कंस, बकासुर, कीचक, लाल टोपीवाल्या मुलीचा लांडगा. भोपळ्यात बसून टुणूक टुणूक गेलेल्या म्हातारीचा वाघ ‘अर्धे’मध्ये आहे, कारण त्याला कुणी मारलं नाही, तो नुसता उपाशी राहिला. चिऊताईच्या दाराशी भिजत उभा राहिलेला काऊ आधी ‘नाही सुटले’त होता, मग खोडून समोर लिहिलंय, ‘पण याने काय केले?’ या प्रश्नावर मी बराच वेळ थांबले. खरंच, काय केलं होतं त्यानं? घर शेणाचं होतं, पावसात वाहून गेलं, एवढाच त्याचा अपराध. आम्ही मात्र पिढ्यानपिढ्या दार न उघडणाऱ्या चिमणीच्या बाजूनं घास भरवत आलो. ‘अश्वत्थामा’मधला एक त तिनं खाल्ला होता. तांबडी शाई नव्हती म्हणून मी गप्प बसले.

गब्बरसिंगचं नाव तिच्या बाबानं घालायला लावलेलं. तेही ‘अर्धे’त, पुढे प्रश्नचिन्ह. बाबाचं म्हणणं, पोलिसांनी पकडलं म्हणजे शिक्षा झाली. पोरीचं म्हणणं, तो आधी एकदा तुरुंगातून पळालाच होता ना, मग परत पळेल. मला पोरीचंच पटतं. आणि मूळ गोष्ट तशी नव्हतीच. ‘शोले’ बनवणाऱ्यांनी शेवट वेगळा घेतला होता, हात तोडलेला ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला चिरडून मारतो असा. १९७५ साल, आणीबाणी लागलेली. सेन्सॉरनं सांगितलं, माणसानं कायदा हातात घेतलेला चालणार नाही. मग ऐन वेळी पोलीस पोचतात असा शेवट पुन्हा चित्रित झाला. म्हणजे ज्या वर्षी बाहेर खऱ्या माणसांना चौकशीशिवाय आत टाकत होते, त्याच वर्षी पडद्यावरच्या दरोडेखोराला रीतसर अटक मिळावी असा आग्रह धरला गेला. त्या वर्षी मी एका तालुक्याच्या गावी मुलींच्या वसतिगृहात अकरावीला होते. पुढच्या गणपतीत मांडवातल्या कर्ण्यावर गाणी कमी आणि गब्बरचे संवाद जास्त लागायचे. मुलींना ते तोंडपाठ होते. ठाकूरचं एकही वाक्य कुणाला येत नव्हतं.

वसतिगृहाकडे नंतर येते.

मला वाटायचं, खलनायकाला शिक्षा होते की नाही हा सोपा प्रश्न आहे, शेवटचं पान उघडायचं आणि बघायचं. पोरीच्या वहीनं तो अवघड करून ठेवला. रावण कुठे घालायचा? मेला, म्हणजे नाही सुटला. पण आमच्या गावच्या देवळात कीर्तनकार बुवा सांगायचे ते वेगळंच. वैकुंठाचे द्वारपाल जय-विजय, त्यांना शाप झाला, आणि देवानं विचारलं, भक्त म्हणून सात जन्म घेता की वैरी म्हणून तीन? त्यांनी तीन घेतले. लवकर परत जाता येईल म्हणून! मग हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण, शिशुपाल-दंतवक्त्र. बुवा हे इतक्या प्रेमानं सांगायचे की रावणाच्या बेंबीत बाण बसला की बायका पदरानं डोळे टिपायच्या, कारण तो घरी निघाला होता. पूतनेनं तान्ह्या मुलाला विष पाजलं, आणि पाजलं तरी पाजलंच ना, म्हणून तिला आईची गती मिळाली. या हिशेबानं ‘नाही सुटले’मधली निम्मी नावं उचलून पलीकडे टाकावी लागतील. नातीला मी हे सांगितलं नाही. तिच्या वहीला एवढी मोठी खाडाखोड झेपली नसती.

दुर्योधनाचं मात्र सांगून बसले. स्वर्गारोहणपर्वात धर्मराज स्वर्गात पोचतो आणि समोर बघतो तर दुर्योधन झगमगत आसनावर बसलेला. भाऊ नाहीत, द्रौपदी नाही, हा आहे. नारद समजूत घालतात, रणात क्षत्रियासारखा पडला म्हणून आला. नात ताडकन उठून बसली. “स्वर्गात? हे कसलं?” मी म्हटलं, धर्मराजाचंही अगदी असंच झालं, तो म्हणाला, मला इथे राहायचंच नाही, माझी माणसं जिथे असतील तिथे न्या. तिला बरं वाटलं. पुढचं सांगितलं, की ज्यांचं पाप जास्त त्यांना आधी स्वर्ग दाखवतात आणि मग नरक. तेव्हा तिनं विचारलं, “मग तो नंतर नरकात गेला, ते लिहिलंय?” गोष्ट तिथे धर्मराजाबरोबर पुढे निघून जाते. दुर्योधन आसनावर बसलेलाच राहतो.

नाटकातला नाना तिच्या वहीत नाही, तिचं वय नाही ते. माझ्या मनातल्या वहीत तो पहिला आहे. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली पुण्यात रंगमंचावर आलं. मी ते पुष्कळ उशिरा पाहिलं, तोवर त्याच्यावरची सगळी वादावादी जुनी झाली होती. ओळीनं उभ्या ब्राह्मणांचा तो डुलणारा पडदा, मृदंग, टाळ, आणि त्या डुलण्याच्या आड-उघड्यावर चाललेला सगळा व्यवहार. घाशीराम पोटची पोर देऊन कोतवाली विकत घेतो, शहराला छळतो, शेवटी जमावाच्या हाती मरतो. १७९१ साली खऱ्या घाशीरामालाही पुण्यातल्या जमावानंच ठेचून मारलं होतं, त्यात लेखकानं पदरचं काही घातलेलं नाही. पण नाटकात कोतवाली ज्यानं दिली तो नाना मरणाचा हुकूमही तितक्याच सहज देऊन टाकतो आणि उत्सव जाहीर करतो. पुन्हा मृदंग, पुन्हा ठेका. माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या बाई ठेक्यावर मान डोलवत होत्या. मीही डोलवत होते, हे मला पडदा पडल्यावर कळलं. घाशीरामाला शिक्षा झाल्याचं समाधान घेऊन आम्ही सगळे बाहेर पडलो आणि चहा घेतला. नानाविषयी चहाच्या टपरीवर कुणी अवाक्षर काढलं नाही.

अश्वत्थाम्याचं तसं नाही. त्याला आपण सोडत नाही. शापाची मुदत तीन हजार वर्षांची. पंचांग उघडलं तर कलियुगाची ५१०० च्या वर वर्षं झालेली दिसतात. म्हणजे पोथीच्या हिशेबानंच त्याची शिक्षा भोगून दोन हजार वर्षं उलटली. पण आपल्याकडे कुणाचीही जुनी जखम बुजत नसली की अजून ‘अश्वत्थाम्याची भळभळती जखम’च आठवते. नर्मदेच्या परिक्रमेला जाऊन आलेलं कुणीतरी हमखास सांगतं की पहाटे एक उंच माणूस दिसला, कपाळाला फडकं होतं, तेल मागत होता. माझी आजी दिवाळीच्या पहाटे अभ्यंगाला बसवायची तेव्हा आमच्या डोक्याला तेल लावण्याआधी वाटीत बोट बुडवून जमिनीवर सात थेंब टेकवायची. पहिला थेंब जरा मोठा पडायचा. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “त्याला लागतं बाई.” बस, एवढंच. त्यानं काय केलं ते तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पाच पोरं झोपेत कापली, उत्तरेच्या गर्भावर अस्त्र टाकलं, सगळं तिनंच आम्हाला सांगितलं होतं, अंगावर काटा येईल असं. पण तेल ते तेल. गार फरशीवरचे ते सात चकचकीत ठिपके पुसायची आम्हाला मनाई असायची. उटण्याच्या पायांनी ते आपोआप पुसले जात.

नोकरीची पहिली सहा वर्षं मी शहाद्याकडे काढली. आता तो नंदुरबार जिल्हा, तेव्हा धुळ्यात होता. दिवाळीच्या सुट्टीत एका वर्षी गावी आले नाही, आणि धनत्रयोदशीच्या सुमारास बघते तर माणसांचे जथेच्या जथे काठ्या घेऊन सातपुड्याकडे निघालेले. अस्तंब्याची यात्रा. अस्तंबा म्हणजे अश्वत्थामा. तिथल्या आदिवासींचा तो ऋषी, शिखरावर राहणारा. आमच्या शाळेचा शिपाई दरवर्षी जायचा. मी शहाणपणानं त्याला म्हटलं, अहो, पण त्यानं लहान मुलं मारली होती ना? तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला, माझीच कीव आल्यासारखा. मग म्हणाला, “बाई, डोंगरात रस्ता चुकला तर तोच दाखवतो.” चार दिवसांनी परत आला तेव्हा पायांना फोड होते आणि चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ. त्याच्या वहीत अश्वत्थामा कुठल्याच रकान्यात नव्हता.

म्हणजे अश्वत्थाम्याला शिव्या देणारे आहेत, तेल देणारे आहेत, काठी टेकत त्याच्या दारी जाणारे आहेत. एवढे लोक ज्याच्याविषयी अजून बोलतात तो सुटला असं कसं म्हणू? नातीनं ‘अर्धा’ म्हटलं ते ठीक. मी तर त्याला सरळ पहिल्या रकान्यात घातलं असतं.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी कपाटातून सौप्तिकपर्वाचं भाषांतर काढलं. खरं तर नातीला उद्या दाखवायला म्हणून. वडाच्या झाडाखाली तिघं बसलेले असतात. अश्वत्थामा, कृपाचार्य, कृतवर्मा. दोघं थकून झोपतात, अश्वत्थामा जागा. फांद्यांवर कावळे झोपलेले, एक घुबड आवाज न करता येतं आणि त्यांना मारत सुटतं. अश्वत्थाम्याला युक्ती सुचते, तो मामाला उठवतो. कृपाचार्य त्याचे मामाच. आणि कृपाचार्य काय म्हणतात? ते नको म्हणतात. चांगलं लांबलचक नको म्हणतात. झोपलेल्यांना मारणं बरं नाही, आज विश्रांती घे, धृतराष्ट्राला विचारू, गांधारीला, विदुराला विचारू, सकाळी बघू. मग अश्वत्थामा रथ जोडतो आणि निघतो. आणि मामा, सगळं नको म्हणून झाल्यावर, मागोमाग निघतात. आत एकटा अश्वत्थामा जातो. कृप आणि कृतवर्मा दारात उभे राहतात. आतून जीव घेऊन पळत येणाऱ्यांना दारात कापतात. शेवटी छावणीला तीन ठिकाणी आग लावतात, अश्वत्थाम्याला आत नीट दिसावं म्हणून.

हे मी पूर्वी वाचलेलं नव्हतं असं नाही. वर्गात शिकवलंसुद्धा असेल. पण कृपाचार्य दारात उभे आहेत हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे कधी आलंच नव्हतं. दिसायचा तो आतला अश्वत्थामा.

पुढे गंगेच्या काठी तिघांच्या तीन वाटा होतात. अश्वत्थामा व्यासांच्या आश्रमाकडे जातो आणि तिथे सापडतो. कृतवर्मा द्वारकेला जातो. त्याचं बिल छत्तीस वर्षांनी येतं. प्रभासक्षेत्री सगळे यादव प्यायलेले असताना सात्यकी त्याला टोमणा मारतो, झोपलेल्यांना मारणारा तू, आणि बोलाचाली वाढून त्याचं डोकंच उडवतो. कृपाचार्य हस्तिनापूरला जातात. घरी. त्यांना कुणी काही विचारत नाही. भीम गदा घेऊन त्यांच्यामागे धावत नाही. पाच मुलं गमावलेली द्रौपदी मणी मागते तो अश्वत्थाम्याचा. पांडव राज्य करतात, म्हातारे होतात आणि हिमालयाकडे निघताना धर्मराज नातवाला, परीक्षिताला, कृपाचार्यांच्या हाती सोपवतो. गुरू म्हणून. तोच परीक्षित, ज्याच्यावर गर्भात अस्त्र सुटलं होतं. त्याचा बाप अभिमन्यू चक्रव्यूहात घेरला गेला तेव्हा घेरणाऱ्यांतही हे होतेच. आणि पुराणं सांगतात की पुढच्या, सावर्णि मन्वंतरातल्या सप्तर्षींमध्ये कृप असतील. अश्वत्थामाही असेल म्हणा. पण तो जखम वागवून तिथे पोचेल. हे शिकवणी घेऊन.

मी चष्मा काढून बराच वेळ दिवा चालू ठेवून बसले. मला ती शिकवणी दिसत होती. थंडीतली सकाळ, अंगणात सडा, आठ-नऊ वर्षांचं पोर धनुष्याची दोरी ओढतंय आणि एक पांढऱ्या दाढीचा प्रेमळ म्हातारा मागून त्याचा कोपर सरळ करतोय. “खांदा सैल सोड. श्वास धर.” पोर विचारतं, “आचार्य, तुम्ही माझ्या बाबांना पाहिलं होतं?” आणि आचार्य म्हणतात, हो, पाहिलं होतं, फार शूर होते. खोटं एक अक्षर नाही त्यात.

तर वसतिगृह. आमच्या खोलीत आम्ही सहा जणी. जुलैत एक नवीन मुलगी आली, आडगावची, बोलण्यात तिकडचा हेल. तिचे वडील पत्र पाठवायचे, शिसपेन्सिलनं लिहिलेलं, ‘चि. सौ. कां.’ असं लग्नपत्रिकेवरून उचललेलं संबोधन घालून. तिला ते समजत नव्हतं, त्यांनाही नव्हतं. आमच्या खोलीत एक मुलगी होती, तिचं नाव नको, ती सगळ्यांची पुढारी. तिनं त्या मुलीच्या पत्र्याच्या पेटीची किल्ली मिळवली आणि एका रात्री पत्रं बाहेर काढली. मी नको म्हटलं होतं. मला अगदी स्पष्ट आठवतं, मी म्हटलं, “नको गं, राहू दे, सकाळी बघू.” ती हसली आणि म्हणाली, तू दाराशी थांब, रेक्टरबाईंच्या चपलांचा आवाज आला की सांग. मी दाराशी थांबले. आत ती एकेक पत्र वाचत होती, त्याच हेलात, गब्बरच्या आवाजात, मुली उशीत तोंड खुपसून हसत होत्या. नवीन मुलगी दाराकडे धावली. मी दारात होते. मी तिला धरलं नाही, ढकललं नाही. फक्त बाजूला झाले नाही. व्हरांड्यातल्या चाळीसच्या बल्बभोवती पावसाळी किडे फिरत होते आणि माझं सगळं लक्ष त्या चपलांच्या आवाजाकडे होतं, इतकं, की तिचा चेहरा मला आज आठवत नाही. किडे आठवतात.

तीन दिवसांनी तिचे वडील न्यायला आले. खांद्यावर वळकटी, हातात पेटी पेलवेना म्हणून मी एका बाजूची कडी धरली आणि एस.टी. स्टँडपर्यंत गेले. ती पुढे चालत होती, मागे बघत नव्हती. गाडीत चढण्याआधी त्यांनी मला दहा पैशांचे शेंगदाणे घेऊन दिले आणि म्हणाले, “पोरी, तू तेवढी माणुसकीची.” मी ते शेंगदाणे परत येताना खाल्ले. खारे होते, चांगले होते.

पुढारी मुलीला वसतिगृहातून काढलं. तिचं वर्ष गेलं, वडिलांनी पुढे शिकवलंच नाही, दोन वर्षांत लग्न. मध्यंतरी एका लग्नात भेटली, अंगानं सुटलेली, गुडघे धरलेली. जेवणाच्या रांगेत माझा हात धरून म्हणाली, त्या पोरीचं काही कळलं का गं तुला? मी अजून देवाला हात जोडते तेव्हा ती येते डोळ्यांपुढे. मी म्हटलं, नाही बाई, काही कळलं नाही. तिनं पुढे काही विचारलं नाही. माझा त्यात काही भाग होता हे तिच्याही लक्षात नव्हतं. त्या वर्षी रेक्टरबाईंनी मला खोलीप्रमुख केलं होतं, ‘समजूतदार’ म्हणून. पुढे बी.एड., मग एकतीस वर्षं नोकरी. निरोपसमारंभात एका पालकानं भाषण केलं, बाई कधी कुणावर आवाज चढवत नसत. खरं आहे. मला आवाज चढवावा लागला नाही कधी.

सकाळी नात वही घेऊन हजर. मी तिला वडाचं झाड, घुबड, कावळे सगळं सांगितलं. दारातले दोघंही सांगितले. कृतवर्म्याला तिनं पटकन ‘नाही सुटले’त घातलं, डोकं उडाल्यावर वाद उरत नाही. कृपाचार्यांपाशी पेन थांबलं. “पण ते नको म्हणाले होते ना?” मी म्हटलं, हो. “पण दारात उभे राहिले.” मी म्हटलं, हो. “मग त्यांना काय झालं?” काही नाही, म्हटलं, ते मुलांना शिकवायला लागले. तिनं पेनचं टोपण चावलं. “चांगलं शिकवायचे?” मी म्हटलं, असावेत, राजा चांगला झाला तो. ती तिन्ही रकाने बोटानं चाचपत राहिली. “आजी, कुठे घालू?”

“पेन्सिलनं लिहून ठेव,” मी म्हटलं. “मग बघू.”

माझा वाढदिवस ज्येष्ठात असतो. या वयात कसलं औक्षण, पण नात ऐकेना. या वेळी ती ओवाळणार आणि मी पाटावर. पाटावर बसायला होत नाही म्हणून खुर्ची आणली, खुर्चीखाली पाट. तिनं श्लोक पाठ केला होता, इंटरनेटवरून ऐकून, ठणठणीत उच्चार, माझ्यासारखं शब्दाला शब्द चिकटवणं नाही. ‘अश्वत्थामा’ म्हणताना तिनं माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. अंगठी माझ्या डोक्याभोवती फिरत होती, निरांजनाची धग गालाला लागत होती. ‘हनूमांश्च विभीषणः’ झालं आणि ती श्वास घ्यायला थांबली. चरण तिथेच संपतो, सगळेच थांबतात. मग ‘कृपः’ म्हणाली आणि पुढे गेली.

अक्षता पडल्या. तिनं वाटी माझ्या ओठांशी धरली, तीळ-गुळाचं कोमट दूध, गूळ जरा जास्तच झालेला. मी दोन घोट घेतले आणि वाटी खाली ठेवायला लागले.

“सगळं पी,” ती म्हणाली. “तळाला तीळ राहतात.”